विहीणबाईंस, कलेजीबद्दल

सरोवराचा पूर्व काठ,
१९ ऑक्टोबर

थोरल्या विहीणबाई उमसुनाय यांना बात्माचा, छातीवर हात ठेवून, लवून सलाम.

तुमची मेंढरं सुखरूप आहेत ना? घोड्यांना हिवाळाभर पुरेल एवढं गवत आलं ना? ती लंगडणारी गाय चालू लागली का? आणि माणसं सुखरूप आहेत ना? सुयुन व्याह्यांचा गुडघा कसा आहे? (आमच्या घरून निघताना त्यांनी दार ज्या जोराने लोटलं, त्यावरून हात तरी ठणठणीत आहेत एवढं कळलं. बिजागरी तेमिरने परत ठोकली, काळजी नसावी.) कुबातचा खोकला गेला का? त्याला जावईबापू म्हणू की नुसतं कुबात म्हणू, ते मला ठरवता येत नाही, म्हणून नुसतं कुबात लिहिलं. आमच्याकडेही सगळे सुखरूप आहेत. म्हणजे माझी लेक जिपार पाच दिवस माझ्याशी बोललेली नाही, माझा दीर तेमिर माझ्या समोर येऊन जेवत नाही, आणि शेजारीण मला पाहिलं की तिच्या कोंबड्या आत घेते. एवढं सोडलं तर सुखरूप.

गेल्या गुरुवारी काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. तरी ते आधी मीच लिहून टाकते, म्हणजे मी काही झाकते आहे असं वाटायला नको. तुम्ही खिंड ओलांडून, दोन दिवस ट्रकमध्ये बसून, मुलीच्या घरी पहिल्यांदा आलात. तुम्हाला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं. ताटात कलेजी आणि शेपटीची चरबी आली. ती मी माझ्या हाताने तुम्हाला भरवायची, तुम्ही मला भरवायची, की सोयरीक पक्की. मग जगात कोणी ती मोडू शकत नाही. आणि मी काय केलं? ताट उचलून खिडकीशी नेलं, चष्मा लावला, कलेजीचे उभे पातळ काप करू लागले, आणि शेवटी त्यातली अर्धी कलेजी एप्रनच्या खिशात घालून घराबाहेर गेले. हे असं लिहिल्यावर मला स्वतःलाच वाटतं की या बाईच्या घरात मुलगी देऊ नये आणि इथली करूही नये. पण विहीणबाई, त्या कलेजीत माझ्या नवऱ्याचं बावीस वर्षांचं काम होतं. ते तुम्ही खाणार होतात.

घाबरू नका. शिजलेल्या कलेजीतून माणसाला काही होत नाही. हे मी पहिल्या पानावरच सांगायला हवं होतं.

माझे पती इशेनाली इथल्या संशोधन केंद्रावर होते हे मध्यस्थाने तुम्हाला सांगितलं असेल. काय संशोधन ते बहुधा सांगितलं नसेल. (मध्यस्थ शहाणा आहे. 'मुलीचा बाप जंतांचा माणूस' असं ऐकून कोण सोयरीक करील?) मेंढीच्या कलेजीत चपटे जंत होतात ते तुम्हाला ठाऊकच आहे, सुयुन व्याह्यांनी आयुष्यात शेकडो मेंढ्या फाडल्या असतील. आता या जंताची अंडी शेणातून पाण्यात जातात, तिथे बारीक गोगलगाईच्या पोटात शिरतात, आणि काही आठवड्यांनी गोगलगाईतून शेपटीवाल्या अळ्या बाहेर पडतात, डोळ्यांना धुळीच्या कणाएवढ्या. त्या काही तास पोहतात, मग गवताच्या पात्याला चिकटून शेपूट टाकून देतात आणि मेंढीची वाट बघत बसतात. मेंढी गवत खाते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. इशेनाली म्हणायचे, साऱ्या आयुष्यात तो जीव एकच दिवस स्वतःच्या बळावर हिंडतो, तो हा.

जगातले मोठे लोक जंतांची कुळं ठरवतात ती मोठ्या झालेल्या जंतावरून. किती लांब, किती रुंद, आतडं कुठे फुटलं. इशेनालींचं म्हणणं उलट होतं. ते म्हणायचे, "बात्मा, मोठा जंत म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या घरात, अंधारात बसून आयतं खाणारा. असे सगळे शेवटी एकसारखेच दिसतात. तू आमच्या गावचे अधिकारी बघ. कूळ बघायचं तर लहानपण बघ." म्हणून ते अळी बघायचे. तिच्या अंगात ठिकठिकाणी इवल्याशा ज्योतीसारखं काहीतरी सारखं लवलवत असतं; त्या ज्योती कुठल्या बाजूला किती, ते मोजायचे. अंगावर आणि शेपटीवर न दिसणारे केस असतात. अळी चांदीच्या पाण्यात बुडवली की ते काळे पडतात, मग तेही मोजायचे. प्रत्येक अळीचं चित्र काढायचे. दोनशे बारा चित्रं काढली. (मला ही पद्धत पहिल्यापासून पटली. तुम्हीसुद्धा आमच्याकडे मुलगी पाहायला आलात, मला पाहायला नाही. मला आधी पाहिलं असतंत तर आलाच नसतात.)

आता मला हे कसं ठाऊक, असं तुम्ही विचाराल. मी त्या केंद्रावर काचा धुवायला लागले होते, लग्नाच्या आधी. चौथीपर्यंत शिकलेली. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या धुताना निघून यायच्या आणि साहेब ओरडायचे, तर कुठली चिठ्ठी कुठल्या बाटलीची ते कळावं म्हणून मी अक्षरं जुळवायला लागले. पुढे रशियन पुस्तकं, मग चिठ्ठीवरची ती लॅटिन नावं. माझ्याजवळ तीन वर्षं दुसरं पुस्तक नव्हतं, म्हणून गोगलगाईंचा एक जाडजूड ग्रंथ मी लोक कादंबरी वाचतात तसा वाचला. शेवट फिका आहे. इशेनालींनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओट्यावर बसून तो ग्रंथ वाचत होते आणि बादली ओसंडून वाहत होती. ते म्हणाले, "पाणी." मी म्हणाले, "एवढं पान होऊ द्या." त्यानंतर महिन्याभरात लग्न झालं.

त्या दोनशे बारा चित्रांमधल्या एकशे सात नंबरवर सगळं घोडं अडलं आहे. ती अळी आमच्या इथल्या झऱ्याच्या पाणथळात एकाच जागी मिळायची. सगळे म्हणायचे ही आपल्या नेहमीच्या कलेजीतल्या जंताचीच अळी. इशेनाली म्हणाले, नाही, हिच्या ज्योती वेगळ्या, हिच्या शेपटीवर बारा जोड्या केस, हे कूळच निराळं. या अळीचा मोठा जंत त्यांनी कधीच पाहिला नव्हता, पण तो कसा असेल ते त्यांनी आधीच लिहून ठेवलं: अरुंद, लांबट, आणि नेहमीच्या जंताला मानेखाली जसे खांदे असतात तसे याला नसणार. आणि त्याला नाव दिलं. माझं. दुसऱ्या बायकांना नवरे कानातलं आणतात, विहीणबाई. मला कलेजीतला जंत मिळाला, तोही अजून कोणी न पाहिलेला. मी आठवडाभर बोलले नाही. मग मी ते चित्र भिंतीवर लावलं. (तुम्ही पाहिलंत ते. तुमच्या जाऊबाईंनी विचारलं, ही दुधी भोपळ्याची वेल का. मी हो म्हणाले.)

दोन हिवाळ्यांमागे ते गेले. बर्फ फोडून गोगलगाई काढायला गेले होते, छातीत थंडी भरली, अकरा दिवसांत संपलं. हे मी लांबवत नाही. माणूस जातो त्या दिवशी गाव रडतं, चाळीस दिवसांनी जेवण होतं, वर्षाने पुन्हा जेवण होतं, आणि मग सगळे पाहुणे उठून गेल्यावर खरं जाणं सुरू होतं. मला वाटलं होतं की निदान पुस्तक छापून येईल. ते राजधानीला पाठवलं होतं. गेल्या वसंतात तिथल्या एका मोठ्या साहेबांचं पत्र आलं, अर्धं पान. अळीवरून कूळ ठरत नसतं. एकशे सात नंबरचा पूर्ण वाढलेला जंत एक नोव्हेंबरच्या आत पाठवा, नाहीतर ते प्रकरण काढून बाकीचं छापू. आणि ते प्रकरण काढलं की बाकीच्याला फारसा अर्थ राहत नाही, तेव्हा तेही छापायचं का याचा विचार करू. सभ्य माणूस असावा, शेवटी 'आदराने' लिहिलं होतं.

मग मी ठरवलं. जूनमध्ये गुडघाभर पाण्यात उभी राहून मी गोगलगाई वेचल्या. एकेका पियाल्यात एकेक ठेवून सगळे पियाले खिडकीत मांडले. सकाळचं ऊन पडलं की अळ्या बाहेर येतात. घरात चहाला एकही पियाला उरला नाही. आम्ही महिनाभर चहा लोट्यातून प्यायलो. (शेजारणीने एकदा न विचारता खिडकीतला पियाला उचलून तोंडाला लावला. तेव्हापासून तिच्या कोंबड्यांचं ते सुरू झालं.) महिनाभरात आलटून पालटून भरलेल्या दोनशे बावन्न पियाल्यांपैकी चारांमध्ये एकशे सात नंबर निघाली. ती मी गवताच्या पात्यांवर बसू दिली, पाती भाकरीत गुंडाळली आणि दोन कोकरांना भरवली. एक ऑगस्टमध्ये पोट फुगून मेलं. दुसरं राहिलं. त्याला अंगणाबाहेर जाऊ द्यायचं नाही, पाणथळाचं गवत द्यायचं नाही, नाहीतर त्याच्या कलेजीत नेहमीचे जंत शिरतील आणि सगळं नासेल, म्हणून डोंगरावरचं कोरडं गवत आणि ओट दिले. माझ्या मुलीला मी एवढं जपलं नाही, हे तिनेही बोलून दाखवलं आहे. जंत वाढायला तीन महिने लागतात. वीस ऑक्टोबरला ते फाडायचं असं मी ठरवलं होतं. आणि त्याला कोणी हात लावू नये म्हणून मी त्याच्या गळ्यात लाल फडकं बांधलं.

इथे माझी अक्कल गेली. सगळं शहाणपण पुस्तकातलं, आणि आपल्यात लाल फडकं कशाला बांधतात ते मी विसरले. तुम्ही हसाल. आपल्यात मोठ्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या जनावराच्या गळ्यात लाल बांधतात, हे दूध पितं पोरही सांगेल. तेमिर भावजींनी तीन महिने ते फडकं पाहिलं आणि मनातल्या मनात माझं कौतुक केलं, की वहिनीने व्याह्यांसाठी किती आधीपासून तयारी केली आहे.

तुम्ही तेवीस तारखेला येणार होतात. तुमच्यासाठी मी पिवळ्या डोक्याचा मेंढा वेगळा ठेवला होता, चांगला लठ्ठ. तो अजून अंगणात उभा राहून चरतो आहे, आणि मला त्याच्याकडे बघवत नाही. पण तुमच्या गावाहून ट्रक लवकर निघाला, आणि तुम्ही चौदाला आलात. यात तुमचा दोष नाही. ट्रकचा आहे. मी त्या दिवशी बसने जिल्ह्याच्या गावी गेले होते, गुरांच्या दवाखान्यात, जंत ठेवायला औषधाची बाटली मागायला. परत आले तर कुंपणावर कातडं वाळत होतं, त्याच्या गळ्याशी लाल फडकं, आणि चुलीवर कढई रटरटत होती.

तेमिर भावजी हातातला सुरा पुसत हसत पुढे आले. "वहिनी, वेळेवर आलात! व्याही आलेत. तुमचंच कोकरू कापलं, ते राखलेलं. कलेजी बघा तरी, लोणी आहे लोणी!"

मी म्हणाले, "भावजी, कलेजी कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? कढईत. मीठ घातलंय."

मी तिथेच ओट्यावर बसून रडले. भावजींना वाटलं, मला आनंद झाला. ते म्हणाले, "दादा असते तर आज त्यांनाही असंच रडू आलं असतं." खरं आहे. असंच आलं असतं.

विहीणबाई, मी मूर्ख आहे, पण काही गोष्टी मला येतात. इशेनाली जंत जिवंत काढले की उकळत्या पाण्यात टाकायचे, म्हणजे ते आक्रसत नाहीत, सरळ ताणलेले राहतात. म्हणजे कढईने काही बिघडवलं नव्हतं. मिठाचं मला सांगता येत नव्हतं. मला फक्त ती कलेजी हवी होती, अख्खी, आणि तासभर. पण तोवर ती ताटात कापून चरबीबरोबर मांडली गेली होती, तुम्ही बसला होतात, व्याह्यांनी दोन्ही हात वर करून आशीर्वाद म्हटला होता, आणि जिपारने नवं जाकीट घातलं होतं. मी आत आले ती गमबुटांसकट. पुढचं तुम्हाला माहीत आहे. फक्त माझ्या बाजूने सांगते.

मी विचार केला, पहिला घास भरवण्याआधी फक्त एकदा बघते. ताट खिडकीशी नेलं. पित्ताच्या नळ्या उभ्या चिरल्या तर जंत सापडतात, आडव्या चिरल्या तर तुकडे होतात, म्हणून मी उभे काप करत होते. तुम्ही गोड आवाजात विचारलंत, "काय शोधताय, विहीणबाई?"

मी म्हणाले, "हाडं."

तुमच्या जाऊबाई म्हणाल्या, "कलेजीत हाडं?"

मी म्हणाले, "आमच्याकडे असतात." (बावीस वर्षं पुस्तकं वाचून हे सुचलं.)

जाऊबाई तुमच्या कानाशी वाकून म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू येईल एवढ्यानेच, "बहुतेक मुलीला भूक कमी लागते, ती आईवर गेली नाही." तेवढ्यात मला एका नळीत काहीतरी दिसलं. तपकिरी, पानासारखं. खोलीत उजेड पुरत नव्हता, भिंग केंद्रावरच्या खोलीत होतं, आणि व्याही विचारत होते, "ही बाई आमची कलेजी घेऊन तिथे काय करते आहे?" सरळ अर्धी कलेजी खिशात घातली आणि निघाले. मागे व्याह्यांचा आवाज ऐकू आला, "नातं नको तर सरळ सांगायचं! खिशात कसलं घालता!" आणि मग ते दार.

आता जे सापडलं ते सांगते, कारण इथवर सांगून ते लपवणं बरं नव्हे. माझ्या अर्ध्या भागात दोन जंत निघाले. दोन्ही रुंद. दोघांनाही खांदे, तुमच्या थोरल्या मेहुण्यासारखे. नेहमीचे, हजार मेंढ्यांत सापडणारे. एकशे सात नंबरचे नाहीत. मी ते भिंगाखाली सोळा वेळा पाहिले. सतराव्या वेळी पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी तेमिर भावजी दारात येऊन उभे राहिले आणि टोपी हातात धरून म्हणाले, "वहिनी, रागावू नका. ते कोकरू सारखं कुंपणाला नाक लावून उभं असायचं. मला बघवेना. तुम्ही केंद्रावर गेलात की मी त्याला उन्हाळाभर पाणथळात चारून आणायचो. तासभरच." माझ्या नवऱ्याच्या मरणात जसा कोणाचा दोष नव्हता तसा यातही नाही. दया आली, एवढंच. पण म्हणजे ते दोन जंत पाणथळातून आलेले असू शकतात. म्हणजे काहीच सिद्ध झालेलं नाही, इकडचंही नाही आणि तिकडचंही. आणि नवीन कोकरू पोसायला नवीन अळ्या मिळणार नाहीत: सप्टेंबरात कोलखोजने, म्हणजे सरकारी सामूहिक शेतीवाल्यांनी, ते पाणथळ पाट काढून कोरडं केलं. तिथे पुढच्या वर्षी बटाटे लावणार आहेत. मी बघायला गेले होते. गोगलगाईंचे शंख पांढरे होऊन पडले आहेत, पायाखाली बिस्किटासारखे मोडतात.

आणखी एक आहे, ते मी कोणाला सांगितलेलं नाही. सहा वर्षांमागे मी एकशे सात नंबरचे केस स्वतः मोजले होते. ते जेवायला गेले होते, काच भिंगाखाली तशीच होती. मला दहा जोड्याच भरल्या, बारा नव्हे. पुन्हा मोजल्या, दहाच. ते परत आले, मी भिंगापासून उठले आणि म्हणाले, चहा करू का. एका बाजूला काचा धुणारी, दुसऱ्या बाजूला बावीस वर्षांची नजर. चूक कोणाची असणार? माझीच. असं मी तेव्हा मनात म्हणाले. अजूनही म्हणते. पण विहीणबाई, नवऱ्याशी भांडायची एक गोष्ट राहून गेली आणि तो गेला, की ती गोष्ट घरात कुठे ठेवायची ते कळत नाही. ती सगळीकडे पायात येते.

असो. पत्र फार लांबलं. तुम्हाला झालेल्या अपमानाबद्दल मी, माझा दीर आणि (बोलत नसली तरी) माझी मुलगी क्षमा मागतो. तुमची चूल पेटती राहो, कळप वाढो, थंडी हलकी जावो. खिंड बंद व्हायच्या आत तुमच्याकडचा ट्रक ड्रायव्हर हे पत्र घेऊन निघतो आहे. उत्तर त्याच्याचबरोबर पाठवा.

तुमची होऊ घातलेली किंवा न होणारी विहीण,
बात्मा

ता. क. जिपारबद्दल. वरचं लिहून झाल्यावर मी तिला विचारलं की तुझं काय म्हणणं आहे, विहीणबाईंना काय लिहू. पाच दिवसांत पहिल्यांदा बोलली: "लिही, की जंतांची सोयरीक लावता लावता आईने माझी मोडली." मग म्हणाली, "आणि लिही की मला कुबात आवडतो." दोन्ही जसंच्या तसं लिहिलं आहे. मुलगी माझ्यासारखी नाही. तिने आजवर एकही ग्रंथ पूर्ण वाचलेला नाही, स्वयंपाक उत्तम करते, आणि घरात पाहुणे असताना कलेजी खिशात घालत नाही. माझ्या गुन्ह्याची शिक्षा तिला देऊ नका. पिवळ्या डोक्याचा मेंढा तुमचाच आहे. तुम्ही परत आलात तर मी हात पाठीमागे बांधून बसेन, तुम्हीच कापा आणि तुम्हीच मला भरवा.

ता. क. २. आता जे विचारायला हे सगळं लिहिलं ते. मी केंद्रावरून परत आले तेव्हा तुम्ही निघून गेला होतात आणि ताट रिकामं होतं. जिपार म्हणते, व्याही दाराशी ओरडत असताना तुम्ही उरलेली अर्धी कलेजी भाकरीबरोबर रुमालात बांधलीत आणि कमरेला खोचलीत. तुम्ही असं का केलंत ते मी विचारत नाही. ज्याला नातं तोडायचं असतं तो ताटातली कलेजी सोबत नेत नाही, असं मला वाटतं. पण मला हल्ली बऱ्याच गोष्टी वाटतात. तर, ती कोणी खाल्ली नसेल, तर खाऊ नका. तुमच्याकडे बर्फ पडलं असेल, ती टिकली असेल. नळ्या उभ्या चिरा, आडव्या नको. पानासारखं तपकिरी काही निघालं तर चिमट्याने न ओढता पाण्याच्या धारेने सोडवा आणि बाटलीत घाला. बाटलीत वोडका चालेल. व्याह्यांना सांगू नका कशासाठी हवी; नुसतं हवी म्हणा, ते समजतील.

ता. क. ३. बाटलीत घालण्याआधी एकदा उजेडात धरून बघा. चष्मा लागणार नाही. अरुंद आणि लांबट असेल, आणि मानेखालून सरळ खाली उतरत असेल, तर त्याच ट्रकने, त्याच दिवशी पाठवा, ड्रायव्हरला मांडीवर धरायला सांगा. पण खांदे असतील, विहीणबाई, तर पाठवू नका. तर लिहा, की रुमाल ओट्यावर ठेवला होता आणि कुत्र्याने खाल्ला. तुमच्याकडे कुत्रा आहे ना? नसला तरी तसंच लिहा. मी त्यावर विश्वास ठेवीन.